वारसांसह

विद्यार्थिनी

तनुजा. विधी शाखा, चौथं वर्ष. हे सत्र कॉलेजबाहेर, एका वकिलाच्या हाताखाली काढायचं. शेवटी अहवाल, अहवालाखाली वकिलाची सही, सहीवर चार क्रेडिट. सही नाही तर वर्ष अडकलं. अहवालाचे रकाने कॉलेजनं छापून दिलेत. ती ते भरायला बसली आहे.

मार्गदर्शक

ॲडव्होकेट सुलेखा. ऑफिस क्रांती चौकाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर. जिना चढताना तापलेल्या शाईचा वास येतो.

नेमून दिलेलं काम

हक्कसोडपत्राचा मसुदा. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला हिस्सा बहिणीनं भावाला सोडून दिला, असा कागद. शेंद्र्याकडं कारखाने आले, जमिनींचे भाव चढले, तसे हे कागद वाढले. भाऊ बहिणीला गाडी करून आणतो. येताना तिला साडी घेतलेली असते. अंगठा झाला की सगळे मिळून हॉटेलात जेवतात.

मॅडम विद्यार्थ्यांना नावं कोरी ठेवून मसुदा लिहायला लावतात. "नाव दिसलं की माणूस दिसतो, आन् माणूस दिसला की हात थरथरतो. आधी हात बसू दे."

तनुजाचा हात बसला. मॅडमनी मसुदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"वारस! पोरं हमखास वारस विसरतात. मग वीस वर्षांनी कुणाची तरी लेक उठते आन् दावा ठोकते. तू ते दारच बंद केलंस."

वाक्य असं होतं: माझा, तसेच माझ्या वारसांचा, सदर मिळकतीवर यापुढे कोणताही हक्क, हितसंबंध वा तक्रार राहणार नाही.

त्या दिवशी तिनं मैत्रिणींना कचोरी खाऊ घातली.

प्रत्यक्ष अनुभव

"उद्या दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाकडं चल," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याच मसुद्यावर कागद झालाय. ओळख पटवायला एक साक्षीदार कमी आहे, तू सही कर. आधार कार्ड आण."

इंटर्ननं साक्षीदार व्हायचं, ही या धंद्यातली रीतच. सगळे करतात. समोरच्या बाईला कधी पाहिलेलंही नसतं, आणि खाली सही असते: आम्ही यांना ओळखतो.

तिथल्या बाकावर मामा बसला होता.

नानासाहेब, आईचा धाकटा भाऊ, शेंद्र्याचा. कडक इस्त्री. शेजारी नवी कोरी मोरपंखी साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन

प्रत्यक्ष अनुभव

शेजारी आई.

"बघ, कशी दचकली!" आई हसायला लागली. "म्या नानाला म्हणलं, तिला सांगूच नको. गंगापुरातून सकाळच्या यष्टीनं निघाले. दशम्या आणल्यात तुला. हॉस्टेलात काय खाती, वाळून गेलीस नुसती."

"आई, तू इथं कशाला?"

"सही द्यायची ना. बापाच्या जमिनीला समद्यांची नावं लावायची म्हणं. नाना म्हणला, तनूच्याच मॅडमकडं कागद केलाय, तिनंच लिवलाय. म्हणलं मग काय बघायचंच नाय."

मामा उठून तनुजाकडं वळला. "वकीलीणबाई, तुमच्यावर भरोसा ठेवून आलो बरं का. दुसरे लई वकील व्हते."

तनुजानं मॅडमकडं पाहिलं. मॅडम कागदांना टाचणी मारत होत्या. मसुद्यातल्या कोऱ्या जागा आता भरलेल्या होत्या. लिहून देणार: लक्ष्मीबाई. लिहून घेणार: नानासाहेब. मधलं सगळं तिचं होतं. स्वल्पविरामासकट.

आणि वारस. लक्ष्मीबाईला एकच वारस आहे. ती साक्षीदार म्हणून आधार कार्ड घेऊन आली आहे.

प्रत्यक्ष अनुभव (जागा अपुरी असल्यास मागे लिहावे)

"मॅडम, ही माझी आई आहे."

मॅडमचा टाचणी मारणारा हात थांबला. "मला कुणी सांगितलं नाही." त्या मामाकडं वळल्या. "नानासाहेब, ताईंना कागद वाचून दाखवलाय म्हणालात तुम्ही."

"सांगितलाय की. घरचंच काम हाय, मॅडम."

"लक्ष्मीबाई!" आतून पुकारा झाला.

आत खिडकीपलीकडं अधिकारी, अलीकडं छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र. "कॅमेऱ्यात बघा, आजी." आईनं पदर सारखा केला, लग्नात फोटोला उभी राहते तशी ताठ झाली. फोटो निघाला.

"दस्त वाचून घेतलात? राजीखुशीनं देताय? कबूल आहे?"

आईनं तनुजाकडं बघितलं. तिला सहीपुरतं लिहिता येतं, वाचताना ती अक्षरांवर बोट फिरवत राहते. तनुजाकडं बघून ती म्हणाली, "व्हय. लेकीनं लिवलाय."

अंगठा यंत्राकडं निघाला.

"थांबा," तनुजा म्हणाली. "तिला वाचून दाखवलेला नाही. मी दाखवते."

"तनू," मामा हळूच म्हणाला. "घरी बोलू."

तिनं कागद घेतला. पहिली ओळ वाचली, आईच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. दुसरी, तरी नाही. वाक्यं घट्ट होती, त्यात शिरायला फट नव्हती. मग तिनं कागद खाली ठेवला.

"आई, नाव लावायचा कागद नाय हा. नाव काढायचा हाय. आजोबाच्या जमिनीत तुझं कायबी राहत नाय. माझंबी नाय. पुढं भांडताबी येत नाय."

आई तिच्याकडं बघत राहिली. मामाकडं नाही. तिच्याकडं.

"आन् हे तू लिवलंस?"

"व्हय."

"माझ्यासाठी?"

"नाव कोरं होतं, आई."

अधिकारी वाट बघत होता. मागच्या रांगेतलं कुणीतरी खाकरलं. आईनं अंगठा नव्या साडीच्या पदराला पुसला, त्याला काही लागलं नव्हतं तरी. "नाय," ती म्हणाली. "कबूल नाय."

शिकलेली गोष्ट

बाहेर कडुनिंबाखाली मामा चपलेनं माती उकरत होता. "आक्का, मागितलं आसतं तर नसतं दिलं?"

"दिलं आसतं. तू मागायचं व्हतंस, नाना."

"बरं. आता दिवाळीला वाट बघू नको. न्यायला कुणी येणार नाय."

"साडी?"

"ऱ्हाऊ दे. नेस." तो गाडीकडं गेला. दार जोरात आपटलं.

तनुजा आईजवळ गेली, तिचा हात धरायला. आईनं हात पिशवीत घातला.

"जमीन वाचली, आई."

"जमीन कोण मागत व्हतं?" आई म्हणाली. "मला वर्षातनं दोन दिवस तिथं जायचं आसतंय. आईच्या चुलीपाशी बसायचं. त्येचा काय कागद आसतो का तुमच्यात?"

मार्गदर्शकाचा शेरा

मॅडमनी हा रकाना तिथंच, स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर अहवाल ठेवून भरला. त्यांचाही चेहरा उतरला होता. सही केली. वर लिहिलं: मसुदा उत्कृष्ट. विद्यार्थिनीने पक्षकाराचे काम मोडले. मग पेन तसंच धरून उभ्या राहिल्या आणि त्याच ओळीत पुढं: वाचून दाखवण्याचे काम माझे होते.

"याच्यावर क्रेडिट मिळतील की नाही, मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

पक्षकाराचे नाव (गोपनीयतेसाठी कोरे सोडावे)

स्टँडवर गंगापूरच्या गाडीला वेळ होता. आईनं दशम्यांचा डबा तनुजाच्या मांडीवर ठेवला, स्वतः घेतली नाही. तनुजा रकाने भरत होती.

"काय लिवतीस?"

"आजचंच."

"वाच."

तनुजानं वाचलं. पहिल्यापासून, सोपं करून, कचोरीसकट. आई स्टँडवरच्या गाड्यांकडं बघत ऐकत होती. कचोरीपाशी तिचा जबडा हलला.

"हितं काय ऱ्हायलंय?" तिनं मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"तुझं नाव. लिहायचं नसतंय."

"लिव."

"आई, क्रेडिट—"

"लिव म्हणते ना. त्या कागदात कोरंच ठेवलं व्हतंस."

गाडी फलाटाला लागली. आई पिशवी उचलून चालायला लागली, वळली नाही. तनुजा कोऱ्या जागेवर पेन टेकवून बसली आहे. लक्ष्