डाव्या कोपरामागचा नकाशा

"एकशे दहा, पॉइंट, तीन," मी वाचलं.

"एकशे दहा पॉइंट तीन," असं म्हणत ह्यांनी रेडिओचं बटण फिरवलं.

बाहेर लख्ख दुपार होती, पण आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसता ढग. असं काही दिसेनासं झालं की विमानतळाच्या नंबरावर रेडिओ लावायचा. मग एक काटा सरकत मध्यावर येतो आणि कळतं की धावपट्टी नाकासमोर आहे. काटा आला. मी खूश. पुढचा आकडा वाचण्याआधी चष्मा वर सारला, तर नजर सहज पडद्यावरच्या त्या रेडिओकडे गेली.

तिथे एकशे अकरा पॉइंट सात होतं.

"अहो, मी काय सांगितलं?"

"एकशे दहा पॉइंट तीन."

"आणि लावलंत काय?"

माणूस पकडला गेला की कान खाजवतो, तसा ह्यांनी कान खाजवला.

"तो नंबर बदललाय गं," म्हणाले.

शाळा मी चौथीत सोडली, पण कागदावर एक आणि पडद्यावर दुसरं हे कळायला चौथीसुद्धा लागत नाही.

आमचे हे वीज कंपनीत मीटर वाचायचे. जन्मभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले. निवृत्त झाल्यावर मुलाने आपला जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत मांडून दिला, विमान चालवायला. खेळ म्हटलेलं ह्यांना खपत नाही. विमान कुठे उतरवायचं तर त्या ठिकाणचा नकाशा लागतो: कुठल्या बाजूने यायचं, कुठे किती उंचीवर असायचं, रेडिओ कुठल्या नंबरावर. हे नकाशे विकत मिळतात, दर महिन्याला ताजे करून देतात. आणि कुणी भल्या माणसांनी जुने नकाशे फुकटही ठेवलेले असतात. ह्यांनी फुकटचे घेतले. "घरात बसून उडणाऱ्याला ताजे नकाशे कशाला? डोंगर काय जागा सोडून जातात?" असं चारचौघांत ऐकवायचे. पैसे भरून नकाशे घेणाऱ्यांना हसायचे.

मुलाने ते ऑफिसातून मोठ्या अक्षरात छापून आणले. कागद चांगला जाड होता.

ह्यांची अडचण डोळ्यांची. जवळचा चष्मा लावला की पडदा धूसर, पडद्याचा लावला की कागद धूसर. एकदा वैतागून हाक मारली, "अगं, इकडे ये, हा आकडा वाच बघू!" मी पदराला हात पुसत गेले आणि वाचला. ह्यांनी तो ऐकून काहीतरी फिरवलं आणि पडद्यावरचं सगळं आभाळ कललं. विमान वळलं.

ह्या घरात मी पोरं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, कुणाची तोंडं बंद केली तर कुणाची उघडायला लावली. पण मी काही वाचावं आणि त्यावर कुणी काही करावं, असं आधी कधी झालं नव्हतं. बँकेचा कागद असो नाहीतर शाळेचा, "इथे सही कर" एवढंच माझ्या वाट्याला. त्या दिवसापासून ह्यांच्या उजव्या हाताला माझी खुर्ची पडली. इंग्रजी अक्षरंही हळूहळू ओळखीची झाली. जावेला फोनवर सांगितलं, "मी वाचल्याशिवाय ह्यांचं विमान खाली येत नाही."

"मग गणवेश शिवून घे," जाऊ म्हणाली. जळली.

आणि आता हे म्हणतात, नंबर बदललाय.

"कधी बदलला?"

"झाले काही महिने."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं? आभाळाने?"

मी उठले आणि ह्यांच्या पाठीमागून डावीकडे गेले. तिकडे जायचं मला कधी कारणच पडलं नव्हतं. डाव्या कोपराच्या आड, पुस्तकाला टेकवून, मुलाचा टॅब उभा होता. त्यावर माझाच नकाशा. माझाच, पण रंगीत, ठळक, आणि त्यावर मुंगीएवढं एक विमान सरकत होतं.

"हे कुणाचं विमान?"

"आपलंच," हे अगदी हळू म्हणाले.

म्हणजे आम्ही कुठे आहोत ते त्या नकाशाला ठाऊक होतं. माझ्या कागदाला नव्हतं. मलाही नव्हतं.

"पैसे भरून घेतलात?"

"मुलाने भरले. वाढदिवसाला." मग एका दमात, "तो म्हणाला, बाबा, तुमच्या नकाशांवर निम्म्या ठिकाणी आता काटाच हलत नाही."

"आणि मी जे वाचायची, ते कुठे जात होतं?"

तेवढ्यात ढग फाटला, समोर धावपट्टी आली आणि आमचं भांडण चालू असतानाच ह्यांनी एका हाताने विमान अलगद टेकवलं. उंची मी वाचलेलीच नव्हती. इतकं मऊ ते ह्याआधी कधी उतरलं नव्हतं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. सून ओट्यापाशी भाजी निवडत होती.

"तुला माहीत होतं?"

तिने कशाबद्दल ते विचारलं नाही, तिथेच मला कळलं.

"आई, आम्हाला वाटलं, कशाला सांगायचं," ती म्हणाली. "तेवढाच तुम्हाला विरंगुळा."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"अगं, चुलीवरचं उतरवून, अर्धवट धुणं टाकून मी तिथे जाऊन बसायची! त्यांचं अडतं म्हणून! विरंगुळा त्यांचा होता, माझं ते काम होतं."

सून भाजीत बघत राहिली. पोरगी वाईट नाही. म्हणूनच जास्त लागलं. वाईट माणसाने फसवलं की चार शिव्या घालून मोकळं होता येतं. इथे सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, मला लहान मुलीसारखं लुटुपुटीचं काम देऊन बसवलं होतं. जेवताना मी "आज मी आठशे फुटांवर थांबायला सांगितलं म्हणून वाचलो" असं सांगायची तेव्हा हे सगळे एकमेकांकडे बघत असणार. मुलगा "वा, आई!" म्हणायचा. ते "वा, आई" आता माझ्या कानातून जाईना.

संध्याकाळी हे दारात येऊन उभे राहिले. हातात तो टॅब.

"तू वाचतेस तेव्हा मला बरं वाटतं गं. खरंच सांगतो."

"बरं वाटायला रेडिओ लावा. तुमच्या विमानात दोन-दोन आहेत."

"तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"ह्यातलं नवीन मी वाचलं नसतं का? आकडे तेच ना? का पैसे भरले की आकडेही वेगळ्या जातीचे होतात?"

"हे बोटाने सरकवावं लागतं. मोठं करायचं, बारीक करायचं..." हे अडखळले. "मला वाटलं, तुला जमणार नाही."

हेच ऐकायचं राहिलं होतं. खोटं बोलले ते मी पचवलं असतं. ह्या माणसाच्या किती थापा मी पचवल्यात त्यांचं त्यांना ठाऊक नाही. पण मी त्यांच्या शेजारी बसून आकड्यामागून आकडा बिनचूक वाचत होते, आणि त्याच वेळी त्यांच्या मनात हे होतं.

"जेवायला वाढलंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीतून इंजिनाचा आवाज यायला लागला. मी उजवीकडची खुर्ची उचलून आणली होती, तिच्यावर उभी राहून फळीवरचे डबे खाली काढत होते. फळीचा कागद तेलकट झाला होता, बदलायलाच हवा होता. नकाशांचा गठ्ठा ओट्यावर काढून ठेवला होता. एकेक घेतला, कडेने दुमडला, फळीच्या मापाचा केला. छापलेली बाजू खाली, कोरी वर. जाड कागद, सुरकुती पडत नाही.

आवाज मध्येच बंद झाला. पावलं आली. हे दारात उभे.

"ते सगळेच लावतेस?"

"तीन फळ्या आहेत."

हे पुढे आले. ओट्यावरचा वरचा कागद उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. चष्मा पडद्याचा होता.

"हा कुठला गं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातातून तो घेतला, उलटा केला, फळीवर अंथरला आणि तळहाताने मधून कडेकडे सारखा केला. मग त्यावर डबा ठेवला.