सातव्या प्रकरणाच्या आधी

बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, असं म्हणणं तितकंसं खरं नाही. उत्तरं मी चार-पाच लिहिली. पाठवलं एकही नाही, एवढंच. पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, म्हणजे रोज दिसावं आणि रोज लाज वाटावी. रोज दिसत होतं. लाजेचं म्हणाल, तर माणसाला तिचीही सवय होते.

बाई आमच्या ग्रंथालयात टायपिस्ट होत्या. मी पुस्तकांची नोंदकार्डं तयार करायचो, बाई ती टाइप करायच्या. आता त्या दुसऱ्या गावी मुलाजवळ राहतात. ऐकायला कमी येतं, म्हणून फोन नाही, पत्र. त्यांनी लिहिलं होतं:

“तळटीप यांस नमस्कार. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. तिथं आम्ही चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर असं सामान ठेवतो आणि लोकांना गरज असेल तेवढे दिवस वापरायला देतो. नोंदी मी कार्डांवर ठेवते. पण सामान वाढलं, आणि कोणाकडे काय गेलंय याचा पत्ता लागेनासा झालाय. वार्षिक सभेत खोली बंद करून तिथं सायकली ठेवायचं घाटतंय. नातवानं जुना संगणक दिलाय. सभेच्या आधी डेटाबेस शिकून तेव्हासारखीच कार्डं जशीच्या तशी आत घालीन म्हणते. पण तेव्हाचं जे आठवतं ते आताच्या पडद्यावर सापडत नाही. तरी नवशिक्यांसाठी एक पुस्तक सुचवा. एकच. दोन पुस्तकांचा धीर आता उरला नाही. मागच्या वेळीही तुम्हीच निवडलं होतंत.”

तळटीप म्हणजे मी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. एकदा त्यांनी विचारलं, “साहेब आलेत का?” मी म्हणालो, “त्यांची छत्री आली आहे. ते असावेत.” त्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या प्रत्येक वाक्याला खाली एक तळटीप असतेच का हो?” झालं. त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे मला तळटीप म्हणू लागले. मला राग आला नाही. खरं तर आवडलं. (आवडलं असावं.)

मागच्या वेळी, म्हणजे तिसेक वर्षांपूर्वी, ग्रंथालयात पहिला संगणक आला. लाकडी कपाटांतली हजारो कार्डं त्यात जायची होती आणि आमच्यापैकी कोणालाही ओ की ठो कळत नव्हतं. साहेब म्हणाले, “तळटीप, तुम्हाला पुस्तकातलं कळतं. डेटाबेस शिकायचं एखादं सोपं पुस्तक निवडून आणा.”

तांत्रिक पुस्तकांच्या त्या दुकानात मी अख्खी दुपार काढली. मी पुस्तक नेहमी मागून उघडतो. शेवटची सूची नीट असेल तर लिहिणारा माणूस नीट, असा माझा आयुष्यभराचा समज. एका जाडजूड पुस्तकाची सूची इतकी सुरेख होती की मी ती कथेसारखी वाचली. शेजारी एक पातळ पुस्तक होतं, नुसती चित्रं आणि बाण. त्याला सूचीच नव्हती. ते मी उचललंसुद्धा नाही.

जाड पुस्तक आलं. जेवणाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी डबे खात ऐकायचं असं ठरलं. पहिल्या प्रकरणात माहिती म्हणजे काय ते होतं. दुसऱ्यात माणसानं माहिती साठवायला कशी सुरुवात केली ते. भाषा फार सुंदर. तिसऱ्या प्रकरणात बांधणी विभागातले काका घोरायला लागले.

“अहो तळटीप,” बाई म्हणाल्या, “हे पुस्तक आपल्याला पोहायला शिकवतंय की पाण्याचा इतिहास सांगतंय?”

“पाचव्या प्रकरणात संगणक सुरू होतो,” मी म्हणालो.

“तोवर आम्ही निवृत्त होऊ.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून तेच पातळ पुस्तक काढलं, येताना घेतलेलं. इथं बोट ठेवा, हे दाबा, ते दाबा. आठवड्याभरात संगणक त्यांच्या हाताखाली खडखडू लागला.

मग जे महिने गेले ते मला अजून आठवतात. मी खण ओढून कार्डं वाचायचो, बाई टाइप करायच्या. ओढलेल्या दुसऱ्या एका खणावर चहाचे कप असायचे, त्यांचे गोल डाग लाकडावर कायमचे उमटले. बाई कार्ड हुबेहूब उतरवायच्या. ओळ जिथं तुटली असेल तिथंच तोडायच्या. कोणीतरी पूर्वी शिसपेन्सिलीनं ‘शेवटचं पान नाही’ असं लिहिलेलं असेल तर तेही. खणातली सळई ओवायच्या भोकासाठी कार्डावर मध्ये जागा सोडलेली असायची, तेवढी जागासुद्धा त्या रिकामी सोडायच्या. पातळ पुस्तकानं एक मोठी चौकट करायला सांगितली होती आणि तिचं नाव ‘माहिती’ ठेवायला सांगितलं होतं. लेखक, पुस्तक, वर्ष, पानं, सगळं त्या एका चौकटीत. आम्हाला वाटायचं, काय छान, अगदी कार्डासारखं दिसतंय! आयुष्यभर कार्डं केलेल्या माणसांना याहून जास्त काय हवं?

“पुढचं,” बाई म्हणायच्या.

“याच्यात एक शंका आहे,” मी म्हणायचो.

“शंका टाइप करू का?”

शेवटचं कार्ड झालं तेव्हा सगळा विभाग भोवती उभा होता. त्याच महिन्यात बाईंच्या यजमानांची बदली झाली होती. निरोपाच्या वेळी साहेब म्हणाले, “बाईंनी हे ग्रंथालय एकटीच्या दहा बोटांनी पुढच्या शतकात नेऊन ठेवलं.” बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी त्यांना एक पेन दिलं. काहीतरी बोलायचंही ठरवलं होतं.

त्या गेल्या, आणि पुढच्याच आठवड्यात एका वाचकानं एका लेखकाची अमुक वर्षाच्या आधीची पुस्तकं मागितली. आम्ही ऐटीत संगणकाला विचारलं. लेखकाचं नाव दिलं, तर त्याच्यावर दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकंही आली. वर्षाचा आकडा दिला, तर ज्यांची पानं तेवढी होती ती पुस्तकं आली. आधीची-नंतरची तर त्याला कळेचनात. एकाच पोत्यात गहू, खिळे आणि चष्मे भरावेत आणि मग म्हणावं, फक्त चष्मे दे, तशी गत. सगळं आत होतं आणि सापडत काही नव्हतं.

तेव्हा मला सातवं प्रकरण आठवलं. ‘एका चौकटीत एकच गोष्ट.’ ते मी दोनदा वाचलं होतं, एकदा अर्थासाठी आणि एकदा भाषेसाठी. आणि तरी इतके महिने बाईंच्या शेजारी बसून कार्डं वाचताना, हे आपल्याबद्दल लिहिलंय असं एकदाही मनात आलं नाही.

सगळं पुन्हा करावं लागलं. वर्षाहून जास्त लागलं. बांधणीचे काका, साहेब आणि मी, आम्ही तिघांनी ठरवलं की बाईंना हे कळू द्यायचं नाही. दर नव्या वर्षाला त्यांचं कार्ड यायचं, ‘आपला संगणक कसा आहे?’ मी लिहायचो, ‘उत्तम.’ काका गेले, साहेब गेले. ठरवणाऱ्यांपैकी मी एकटा उरलो. आणि आता बाई त्याच पद्धतीनं कुबड्या आत घालायला निघाल्या होत्या.

मी त्या जुन्या दुकानात गेलो. अर्ध्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं आहेत. गल्ल्यावर मालकांची मुलगी होती.

“काका, पुस्तक कशाला? व्हिडिओ बघायला सांगा त्यांना.”

“त्यांना ऐकू कमी येतं. आणि व्हिडिओ थांबत नाही.”

“थांबवता येतो की!”

“येतो. पण थांबला तरी तो आपल्यासाठी थांबलाय असं वाटत नाही.”

ती हसली. मागच्या फळीवरून तीन पुस्तकं काढून म्हणाली, “घरी न्या, बघा, नको ती परत आणा. फक्त कोपरे दुमडू नका.”

कोपरे दुमडणाऱ्यांतला मी दिसतो का, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होतो.

तिन्ही पुस्तकं मी वाचली. वाचून झाल्यावर लक्षात आलं की आता मी नवशिका राहिलो नाही, तेव्हा नवशिक्याला कुठलं कळेल हे सांगायला मी नालायक झालो. पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“पुस्तक निवडताय की जावई?” ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. “किती दिवस हे घोंगडं भिजत ठेवणार? तिची सभा उरकल्यावर पाठवा उत्तर. वरातीमागून घोडं!”

“चुकीचं निघालं तर?”

“चुकीचं निघेल. न पाठवलेलं तर नक्कीच चुकीचं आहे. आणा इकडे. मला संगणक चालू करता येत नाही, माझ्याहून मोठा नवशिका कुठं शोधणार?”

पहिलं पुस्तक तिनं दहा मिनिटांत बाजूला ठेवलं. “हा माणूस स्वतःशीच बोलतोय.” दुसरं रंगीत होतं. “हा मला बाळ समजतोय.” तिसरं, पिवळ्या कव्हरचं, घेऊन ती खिडकीत बसली ती उठेना. मी दोनदा तिथून गेलो.

“काय आहे?”

“एक भांडीवाला आहे. त्यानं सगळा हिशेब एकाच लांबलचक यादीत लिहून ठेवलाय. आता गिऱ्हाईक आलंय आणि याला काही सापडत नाहीये. लेखकानं त्याला आधी सांगितलंच नाही हो, मुद्दाम चुकू दिलं! आता पुढच्या प्रकरणात ती यादी तोडणार आहेत.”

ते पुढचं प्रकरण म्हणजे अवघं दुसरं. ज्यासाठी आम्हाला सातव्यापर्यंत जावं लागलं, ते याच्यात दुसऱ्या प्रकरणात होतं. आणि सूची मात्र भिकार. शेवटून उघडून मी आधी तीच पाहिली होती, आणि मग दोनदा वाचूनही हे पुस्तक मनातून उतरलेलंच होतं.

“मग हेच लिहा तिला,” ही म्हणाली.

“पण बाई कार्डं जशीच्या तशी घालणार म्हणतात. भांडीवाला कोण, हे त्यांना कळलं पाहिजे ना. मलासुद्धा तेव्हा कळलं नव्हतं.”

“मग सांगा तिला, की तेव्हा काय झालं.”

“त्यांना किती वाईट वाटेल! ते काम त्यांच्या आयुष्यातलं...”

“आणि ती खोली बंद झाली तर बरं वाटेल?” हिनं चष्मा काढला. “एवढी वर्षं तुम्ही तिला जपलंत. ती काय काचेची आहे? अहो, ती बाई तुम्हाला तोंडावर तळटीप म्हणायची!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तर लिहायला बसलो. जुन्या नोंदकार्डांचा एक गठ्ठा माझ्याकडे आहे. ग्रंथालयानं टाकून दिला तेव्हा वाचताना खुणेला होतील म्हणून आणला होता. त्यातलं एक बाईंनी टाइप केलेलं कार्ड घेतलं आणि हिची कात्री मागितली. कार्डाला कात्री लावायची आमच्या धंद्यात कल्पनाही करवत नाही. कार्ड एकदा पुरतं वाचून घेतलं. मग लेखकाचं नाव कापून वेगळं केलं. पुस्तकाचं नाव वेगळं. वर्ष वेगळं, पानं वेगळी. ‘शेवटचं पान नाही’ ही चिंधीही वेगळी ठेवली.

मग लिहिलं:

“बाई, पिवळ्या कव्हरचं पुस्तक सोबत पाठवतो आहे. दुसऱ्या प्रकरणापर्यंत वाचा आणि मग तुमच्या एका कुबडीच्या कार्डाचे, आत ठेवलेत तसे, तुकडे करून बघा. प्रत्येक तुकड्याला वेगळी चौकट. कोणी नेली, कधी नेली, काय नेलं. जोडीतली एकच कुबडी परत आली तर काय, हा प्रश्न आमच्या घरी निघाला आहे. त्याचं उत्तर मला अजून आलेलं नाही, पण पुस्तकात असावं.

“आणखी एक. तेव्हा आपण कार्डं जशीच्या तशी घातली, ते चुकलं होतं. तुम्ही गेल्यावर आम्हाला सगळं पुन्हा करावं लागलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या बोटांनी ते केलं होतं. पण कार्डं वाचून दाखवणारा मी होतो, आणि सातवं प्रकरण वाचलेला विभागात मी एकटाच होतो. दुसऱ्यांदा करताना मी रोज ‘पुढचं’ असं मनातल्या मनात म्हणायचो, कारण म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. पहिल्यांदा केलं तेच जास्त चांगलं होतं, कामासाठी नसेल, पण होतं. सभा कधी आहे ते कळवा.”

खाली एक टीप लिहायला घेतली होती. ती खोडली.

टपाल कचेरीत रांग होती. खिडकीतल्या माणसानं पाकीट काट्यावर ठेवलं आणि विचारलं, “आत काय?”

“एक पुस्तक. आणि एका कार्डाचे तुकडे.”

“फाटलेलं कार्ड पाठवताय?”

“कापलेलं. मुद्दाम.”

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला. मला वाटलं, ‘वाईट वाटून घेऊ नका’ एवढं तरी लिहायला हवं होतं. मी म्हणालो, “जरा एक मिनिट द्याल का ते परत?”

“गेलं ते, काका,” तो म्हणाला. पाकीट मागच्या पोत्यात पडलं होतं आणि रांगेतली पुढची बाई मला कोपरानं सरकवत होती.