इंदुताईंसाठी बसवलेल्या स्प्रिंगा

मी एक फटफटी बोलतेय. कागदोपत्री मी मोटारसायकल आहे, पण हैदराबादेत मला कुणी त्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. माझा मूळ रंग लष्करी हिरवा. त्यावर दोनदा काळा चढला, तरी टाकीच्या पोटाला नखाने खरवडलंत तर जुना रंग अजून निघेल.

माझा जन्म विलायतेत, लढाईच्या धामधुमीत झाला. तिथून जहाजाने मुंबईला आणि आगगाडीने सिकंदराबादच्या छावणीत आले. निरोप पोचवणारे शिपाई मला पळवत. मी तेव्हा मोठी आडदांड होते. पुढच्या चाकाला स्प्रिंग होती, मागच्या चाकाला मात्र काहीच नव्हतं. ते थेट सांगाड्यालाच आवळून टाकलेलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर पोचवायचा, हा माझा स्वभाव. शिपायाच्या सीटखाली दोन जाडजूड स्प्रिंगा होत्या, त्यामुळे त्याचं भागायचं. मागे कॅरियरवर तारेची भेंडोळी असत, आणि तारेने कधी तक्रार केली नाही.

लढाई संपल्यावर आमचा लिलाव झाला. दोन-चार हात फिरून मी काचीगुड्याला एकनाथरावांकडे आले. हे मूळचे परभणीकडचे, हैदराबाद सरकारच्या महसूल कचेरीत लेखनिक. उर्दू अक्षर मोत्यासारखं. माणूस सज्जन, पण एक खोड होती. घरातल्या गोष्टी ते मनातल्या मनात ठरवून टाकत आणि मग घरच्यांना कळवत. मला घेतलं तेही असंच. दारात आणून उभी केली आणि आत हाक मारली, "अगं, बघ काय आणलंय!"

इंदुताई बाहेर आल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "मी बसायचं कुठे यावर?"

मग कॅरियरवर एक गादी आली आणि डाव्या बाजूला, चाकाच्या आसाजवळ, पाय ठेवायला एक लाकडी फळी आली. त्या काळी बायका मागे एका अंगाने बसत, दोन्ही पाय डावीकडे. फळीशिवाय ते जमत नाही.

इंदुताई काचीगुड्याच्या मराठी शाळेत मुलींच्या वर्गाला शिकवत. छप्पन सालच्या पावसाळ्यात सगळीकडे एकच बोलणं सुरू झालं. राज्य मोडणार, मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, हैदराबाद शहर आंध्रात जाणार. मराठी घरं सामान बांधायला लागली. शाळेतली बाकं रिकामी होऊ लागली. मग वरून कागद आला की दिवाळीच्या सुट्टीआधी तपासणी होईल. त्या दिवशी वर्गात चाळीस मुली हजर नसतील तर मराठीचा वर्ग बंद. त्या वेळी पटावर एकतीस होत्या, आणि त्यांतली एक इंदुताईंची स्वतःची मुलगी गंगू.

"नऊ मुली आणीन," इंदुताई म्हणाल्या, "आणि आहेत त्यांना जाऊ देणार नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमची फेरी सुरू झाली. गौलीगुडा, अफझलगंज, शहालीबंडा, पार चिलकलगुड्यापर्यंत. जिथे मराठी घर असल्याची खबर, तिथे आम्ही हजर. एकनाथराव मला घेऊन बाहेर थांबत, इंदुताई आत जाऊन आईबापांशी बोलत. बोलण्यात त्या पक्क्या होत्या. पण गल्ल्यांतल्या फरशा, नदीकडचे दगडगोटे आणि माझं ते आवळलेलं चाक यांनी तीन आठवड्यांत त्यांची पाठ धरली. एका संध्याकाळी त्या उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आत जाववेना. मला फार वाईट वाटलं. पण मी लोखंड. मला वाकता येत नव्हतं.

"रिक्षा करू या का?" एकनाथरावांनी विचारलं.

"रिक्षाने एका संध्याकाळी दोन घरं होतात. तपासणीला दोन महिने राहिलेत."

दुसऱ्या दिवशी एकनाथरावांनी मला सूर्यभानकडे नेलं. सूर्यभान हा नांदेडकडचा फिटर, गौलीगुड्याच्या बसस्टँडामागे त्याचं पत्र्याचं दुकान. त्याने माझं मागचं चाक हातानं दाबून बघितलं आणि हसला.

"साहेब, ही तर नुसती खाट हाय. नव्या गाड्यांना मागं शॉकअप येतात, स्प्रिंग आन् तिच्या पोटात तेल. एका मोडक्या गाडीची जोडी हाय माझ्याकडं. पण हिचा मागचा सांगाडा कापावा लागंल."

"काप," एकनाथराव म्हणाले.

मला कुणी विचारलं नाही, ते सोडा. करवतीने माझ्या मागच्या नळ्या कापल्या. गिअरपेटीच्या मागे पितळी बुश, म्हणजे आखूड नळकांडी, बसवून त्यावर एक लोखंडी चिमटा अडकवला, आणि त्या चिमट्याच्या टोकाला चाक. आता चाक वरखाली हलू शकत होतं. दोन्ही बाजूंना ते शॉकअप लागले. दोरी लावून दोन्ही चाकं एका रेषेत आणायला त्याला आख्खा दिवस लागला. हात मात्र सोन्यासारखा.

शेवटी स्प्रिंग किती घट्ट ठेवायची, हा प्रश्न आला.

"मागं बसणाऱ्याचं वजन किती, साहेब?"

एकनाथराव घोटाळले. बायकोचं वजन परक्या माणसाला सांगायचं म्हणजे अवघडच, आणि खरं तर त्यांना ते माहीतही नव्हतं. "बेताचंच आहे," ते म्हणाले. सूर्यभाननेही पुढे विचारलं नाही. परक्या बाईच्या वजनाची चौकशी करणारा माणूस तो नव्हता. शेजारच्या धान्याच्या दुकानातून त्याने ज्वारीचं अर्धं पोतं आणलं, माझ्या मागच्या गादीवर बांधलं आणि बसस्टँडाला दोन चकरा मारून आला. पोतं जागचं हललं नाही. दोघेही खूश झाले. पायाची फळी सूर्यभानने पहिल्यासारखीच आसाजवळ, होती तिथे ठोकून दिली.

चूक तिथे झाली. आसाजवळची नळी, जिला फळी ठोकली, ती आता सांगाड्याची राहिली नव्हती, हलत्या चिमट्याची झाली होती. गादी स्थिर आणि फळी चाकाबरोबर वरखाली. पोत्याला पाय नसल्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्याच फेरीत इंदुताईंचे गुडघे हनुवटीकडे उडायला लागले. लुगडं सावरावं, गादी धरावी की पाय रोखावेत, हे त्यांना कळेना. "पाय फार उडतात हो," त्या घरी म्हणाल्या.

"नवीन आहे, सवय होईल," एकनाथराव म्हणाले.

आठ दिवस त्यांनी तसेच काढले. पाठ आणखीच धरली. नवव्या दिवशी अफझलगंजहून परतताना त्यांनी एकनाथरावांच्या खांद्यावर बोट टोचलं. "सूर्यभानच्या दुकानाशी थांबवा."

त्या उतरल्या आणि सरळ दुकानात शिरल्या. तोवर त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. जे काही बोलायचं ते एकनाथरावांमार्फत.

"सूर्यभान, जरा गादीवर बसून दाखवा. असे नाही. मी बसते तसे, दोन्ही पाय एकीकडे."

बसस्टँडावरची माणसं बघायला लागली. सूर्यभान लाजून लाल झाला, पण शाळेच्या बाई समोर उभ्या होत्या. तो एका अंगाने बसला, दोन्ही पाय फळीवर. एकनाथरावांनी मला फरशीवरून नदीकडे नेलं आणि परत आणलं. सूर्यभानची टोपी वाटेत पडली ती पडलीच. मला हसू आवरेना. इंजीन दोनदा अडखळलं ते त्यामुळेच.

तो उतरला आणि फळीकडे बघत राहिला. "बाई, माफी करा. आठ रोज कशा बसला हो तुम्ही हिच्यावर?"

"मला कुणी विचारलं नाही," इंदुताई म्हणाल्या. "तुम्ही पोत्याला विचारलंत."

अंधार पडायच्या आत त्याने फळी चिमट्यावरून काढून सांगाड्याच्या स्थिर नळीवर बसवली, इंदुताईंना बसवून, पुन्हा उतरवून. खाचांच्या पान्याने स्प्रिंगाही त्यांच्या सांगण्याप्रमाणे आवळल्या. निघालो तेव्हा गौलीगुड्याच्या फरशा खालून जात होत्या आणि वर काही पोचत नव्हतं. लष्करात मला कुणी इतकं नीट वागवलं नव्हतं, आणि मीही कुणाला इतकं नीट नेलं नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

मग मुली मिळत गेल्या. पस्तीस झाल्या, अडतीस झाल्या. प्रत्येक घरात एकच प्रश्न यायचा, "बाई, तुम्ही तरी राहणार ना?" आणि इंदुताई सांगत, "मी कुठे जात नाही." मी खिडकीखाली उभी राहून हे ऐकत असे. एकनाथरावही ऐकत. ते तेव्हा माझ्या टाकीवरची धूळ पुसायला लागत.

हिम्मतराव हे एकनाथरावांच्याच कचेरीतले. त्यांच्या दोन मुलींची नावं घातली की चाळीस पुऱ्या व्हायच्या होत्या. इंदुताई त्यांच्या घरात जाऊन बोलल्या, आणि आतून हिम्मतरावांचा आवाज आला.

"बाई, तुम्ही आम्हाला ठैरा, जाऊ नका म्हणता, आन् एकनाथरावांचं नाव तर औरंगाबादच्या बदलीच्या यादीत हाय की! म्या कालच बघितलं. खुशीनं लिहून दिलंय त्यांनी."

 मग इंदुताई म्हणाल्या, "ते जातील. मी जात नाही. मुलींना उद्या पाठवा."

परतीच्या वाटेवर काचीगुड्याचं फाटक आलं तेव्हा त्या बोलल्या. पूर्वी माझ्या दणक्यांत मागचं बोलणं पुढे पोचतच नसे. आता शब्द न् शब्द पोचला.

"मला विचारायचं होतंत."

"सांगणारच होतो. आपला मुलूख आहे तो. आणि त्यात विचारण्यासारखं काय, मी जाईन तिथे तू..."

"गंगू माझ्या चाळिसांत आहे. मी गेले तर सगळे जातील. ज्यांना मी थांबवलं, त्यांना काय तोंड दाखवू?"

 दुसऱ्या दिवशी एकनाथरावांनी कचेरीत नाव काढून घेण्याची खटपट केली, पण यादी पुढे गेली होती. मला त्यांचा रागही आला आणि त्यांची दयाही आली.

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघं शाळेच्या फाटकाबाहेर होतो. तपासनीसांनी मुलींना उभं करून मोजलं. शेवटी गंगू होती. "चाळीस," असा आवाज आला आणि एकनाथरावांनी डोळे पुसले. वर्ग राहिला. महिन्याच्या अखेरीस मनमाडच्या गाडीने ते एकटेच औरंगाबादला निघाले, पार्सलच्या डब्यातून मी. फलाटावर इंदुताईंनी माझ्या गादीवरून हात फिरवला. रडल्या नाहीत, पण गाडी सुटल्यावरही दिसेनाशा होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

औरंगाबादेत आम्ही दोन वर्षं काढली. माझ्या स्प्रिंगा दोघांच्या वजनाला आवळलेल्या, त्यामुळे एकटा माणूस बसला की त्या त्याला उडवत. तिथला फिटर म्हणाला, "सैल करून देतो, पान्याचं काम आहे." एकनाथराव म्हणाले, "राहू दे." दर पंधरा दिवसांनी ते घरी कार्ड टाकत, "कधी येतेस?" उत्तर यायचं, "शाळा आहे."

यंदाच्या पावसाळ्यात टपालकचेरीच्या आवारात त्यांनी कार्ड माझ्या टाकीवर ठेवलं आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग लिहिलं ते पुटपुटत लिहिलं, म्हणून मला कळलं. "मी तिकडे आलो तर तुला चालेल का? नोकरी सोडावी लागेल. तू म्हणशील तसं."

आठवड्याने उत्तर आलं. "या. फटफटी घेऊन या. यंदा बावन्न मुली आहेत आणि काही घरं फार लांब आहेत."

आता मी औरंगाबाद स्टेशनच्या पार्सलघरात उभी आहे. टाकी रिकामी केली आहे, अंगाला गोणपाट गुंडाळलं आहे. एकनाथरावांनी अफझलगंजच्या एका कापड व्यापाऱ्याकडे उर्दू पत्रव्यवहाराचं काम धरलंय. कायमची सरकारी नोकरी सोडून. मघाशी पार्सलबाबूने लेबल लिहिता लिहिता विचारलं, "बदली झाली का?"

"नाही. राजीनामा दिला."

"अरे बापरे! घरी विचारलंत का?"

"हो," एकनाथराव म्हणाले. "या खेपेला विचारलं."

गाडी यायची वेळ झाली आहे आणि हमाल माझ्याकडे येताहेत. दादांनो, एवढं ऐका. मला आडवी टाकू नका, उभीच ठेवा. शॉकअपमधलं तेल सांडतं, आणि उद्या संध्याकाळी इंदुताईंना चिलकलगुड्याला जायचंय.