वासुदेवरावांच्या विहिरीवरचा चिंचोका

सत्त्याण्णव साली सेलूकडच्या आमच्या गावात विद्यापीठाच्या पोरी आल्या. जातीपातीचा भेदभाव होते का, हे त्याहीले पाहाचं होतं. देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढून त्याहीनं एकेकाच्या हाती चिंचोका दिला.

"जिथं पाणी भरता, त्या विहिरीवर ठेवा," त्यातली अंकिता म्हणाली.

गावचे पाटील वासुदेवराव आपल्या ओट्यावरून पाहून राह्यले होते. आमच्या बौद्धपुऱ्याले त्याहीची विहीर बंद, हे त्याहीच्या तोंडावर कोण सांगन? भेकड सारे! आमच्या पुऱ्यातल्या तानबानं चिंचोका त्याहीच्याच विहिरीवर ठेवला. मंग सगळ्याहीनं. मीबी.

"इथं भेदभाव नाहीच!" पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मले वाटलं, सुटली. तेवढ्यात अंकितानं माझ्या हाती बादली दिली. "मावशी, तुमच्या विहिरीचं पाणी पाजा ना."

मी वासुदेवरावांकडं पाह्यलं. वासुदेवराव हसत उठले. "भर न मंदे, रोजच तं भरते."

जल्मात पह्यल्यांदा मी त्या विहिरीत दोर सोडला. मागं वासुदेवरावांच्या चपला वाजल्या.

पोरी पाणी पिल्या, जीपमधी बसल्या. मी बादली ठेवून निंगाले लागली, तं वासुदेवराव हळूच म्हणाले, "तू थांब."