दोन घरांपलीकडची वीज

मित्रांनो, शर्टाचं बटण ज्या चिरेतून डोकं बाहेर काढतं, तिला काज म्हणतात. अशी काजं करणारी मी जुनी मशीन. अंग जरा गंजलंय, पण सुई अजून सरळ आहे बरं का.

गावातला मोठा कारखाना बंद पडला, तेव्हा सरकारने इथल्या बायकांच्या गटासाठी शिवणकेंद्र उघडलं. पायाने चालणाऱ्या नऊ मशिनी आल्या आणि विजेवर चालणारी एकटी मी. साहेबांनी फीत कापली, टाळ्या पडल्या. गटातल्या एक वहिनी अजून सांगतात, "साहेब गेले ते गेले, आमची चांगली कात्रीही घेऊन गेले."

केंद्राला वीजमीटर मात्र मिळालाच नाही. शेजारच्या वेल्डरने आपल्या दुकानातून वायर टाकून दिली आणि तिच्यावर मी दोन वर्षं नुसती धावले. गटाच्या प्रमुख मावशी मला तेल घालताना म्हणायच्या, "ही आहे म्हणून आपण आहोत." मी फुलून जायची.

मग वेल्डरही दुकानाला कुलूप लावून शहरात गेला. मी मुकी झाले. आणि नेमकी तेव्हाच शाळेच्या गणवेशाची ऑर्डर आली. चारशे शर्ट, एक महिना मुदत. मावशींची मुलगी शहरातल्या कारखान्यात निघाली होती. ती म्हणाली, "आई, हे काम पार पडलं तर मी इथेच राहते."

मावशींचं घर दोन घरं सोडून. तिथे वीज होती, पण मधल्या घरांवरून वायर ओढता येत नव्हती.

"उचलू या ना हिला," मुलगी म्हणाली.

मावशींनी माझ्या पोटावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'परवानगीशिवाय हलवू नये.'

"ताब्याच्या कागदावर सही माझी आहे, बाळा. साहेबांना जागा रिकामी दिसली, तर बाकीच्या नऊही जातील."

"साहेब येतात तरी कधी?"

"न येणारा माणूसच नको तेव्हा टपकतो."

परवानगीसाठी अर्ज गेला. उत्तराची वाट बघत बायका माझ्यासमोरच बसून हाताने काजं करू लागल्या. एका शर्टाला सात. मावशींची बोटं सुजली, पट्ट्या बांधून त्या शिवत राहिल्या. माझ्या अंगात ताकद होती, समोर काम होतं, आणि मी आपली ढिम्म उभी. मुदत संपली तेव्हा नव्वद शर्ट झाले होते. उरलेलं काम शाळेने दुसरीकडे दिलं. त्याच आठवड्यात मुलगी शहरात गेली.

परवानगी चौथ्या महिन्यात आली. वरातीमागून घोडं. चौघींनी मला उचलून मावशींच्या एका खोलीच्या घरात आणलं. कुठे ठेवायचं, म्हणून वहिनींनी विचारलं.

"तिची खाट होती तिथे ठेवा," मावशी म्हणाल्या.

आता रविवारी मुलीचा फोन येतो. मावशी आधी मला चालू करतात, मग फोन उचलतात. "ऐकलंस ना? चालू आहे हो आपली मशीन." माझ्या सुईखाली तेव्हा शर्ट नसतो. चिंधी असते. तिच्यावर मी काजामागून काजं करत सुटते, थांबायचं धाडस होत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब होईल, कुणी बाईसाहेब. माझ्यासारखं काही कुणाला द्याल, तेव्हा ते चालवणाऱ्या बाईला आधी विचारा, "बाई, तुमच्याकडे वीज कुठे आहे?" आणि तिचा अर्ज आला, तर तो त्याच दिवशी वाचा.