पाचव्या मजल्यावरचा मासा

दुकानदाराने नायलॉनच्या दोऱ्याचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, गाठ दातांनी आवळली आणि रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. दोऱ्याचं दुसरं टोक, रीळ आणि काठीसकट, मास्तरांच्या हातात होतं. मास्तर शाळेत भूगोल शिकवत. मासा त्यांनी आजवर फक्त ताटात पाहिला होता.

“आता मी मासा,” दुकानदार तिकडून म्हणाला. “माझ्याशी बोलायचं नाही. मासा बोलत नाही.”

एक सायकलवाला सवयीने मान खाली घालून दोऱ्याखालून गेला. त्या गल्लीत कुणालाच काही वाटलं नाही. चालवून पाहिल्याशिवाय मासेमारीचं रीळ विकायचं नाही, असा दुकानदाराचा बाणा होता, आणि जवळपास पाणी नव्हतं.

त्याआधी त्याने नेहमीचे प्रश्न विचारून घेतले होते. मासा गोड्या पाण्यातला की खाऱ्या? मास्तरांनी विचार केला. खरं उत्तर ‘पाचव्या मजल्यावरचा’ असं होतं, म्हणून ते नुसतंच मोठा आहे म्हणाले. वजन किती? आधी बहात्तर किलो होतं, आता उतरलं असेल. कधीपासून खात नाही? आज नववा दिवस. दुकानदाराने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि तीन रिळं समोर मांडली.

नऊ दिवसांपूर्वी मास्तरांच्या धाकट्या भावाने पाचव्या मजल्यावरच्या आपल्या घराला आतून कडी लावली होती. फोन बंद. दार वाजवलं की आतून एकदाच ठक्‌ असा आवाज येई, म्हणजे जा. पाचव्या दिवशी दोघांच्या मधल्या बहिणीने, ताईने, सुतार बोलावला, तेव्हा आतून पहिलं आणि शेवटचं वाक्य आलं, “दार तोडलंत, तर खिडकी आहे.” सुताराने हत्यारं आवरली. मग मास्तरांनी वरच्या गच्चीवरून सुतळीला बांधून डबा सोडला. खिडकीतून कात्री आली. डबा खालच्या बिऱ्हाडकरूच्या स्कूटरवर पडला, आणि त्याने वर येऊन अंडी जरा जास्त उकडली आहेत असं सांगितलं.

म्हणून रीळ. सुतळीपेक्षा बारीक, न दिसणारं, आवाज न करणारं काहीतरी.

पहिलं रीळ बंद डबीसारखं होतं. बटण दाबलं की दोरा सुटे, आणि मग सुटतच राही. मासा गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला आणि पाच मिनिटांनी आपल्या पायांनी परत आला. दुसरं चांगलं दणकट होतं, याने म्हैस ओढता येते असं दुकानदार सांगत होता. मास्तरांना तेच हवं होतं. घट्ट धरणारं. मासा पलीकडे जाऊन जरा हलला मात्र, मास्तरांनी जीव खाऊन रिळाची मूठ फिरवली. दोरा ताणला, कडकन तुटला, आणि मासा रस्त्याच्या मधोमध बसला.

“मेलो,” तो मनगट चोळत म्हणाला. मासा बोलत नाही हा नियम होता, पण मेल्यावर चालत असावं.

तिसऱ्या रिळाला पुढे एक चावी होती. ती सैल केली की मासा ओढेल तेवढा दोरा जाई. आवळली की जाईना. दुकानदार पुन्हा मासा झाला आणि चालू लागला. मास्तरांचा हात चावीकडे गेला. जातोय, हा जातोय, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. मासा शिंप्याच्या बाकावर जाऊन बसला. त्याने पाणी मागून घेतलं. शिंप्याशी बोलता येत नसल्यामुळे नुसता ऐकत राहिला. मास्तरांच्या शर्टाची पाठ भिजली, पण त्यांनी हात मागे घेतला. मासा उठला, एक पाऊल इकडे आला. मास्तरांनी सैल पडलेला तेवढाच दोरा गुंडाळला. आणखी एक पाऊल. तेवढाच. पाऊण तास गेला.

“तुम्ही कशामुळे परत आलात?” पायरीवर पोहोचलेल्या माशाला मास्तरांनी विचारलं. हे त्यांना अगदी मनापासून जाणून घ्यायचं होतं.

“तिकडे ऊन होतं,” दुकानदार गाठ सोडत म्हणाला.

गच्चीवर ताई कठड्याला पोट टेकून उभी होती. डबा न हेलकावता खाली गेला, खिडकीसमोर थांबला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक हात बाहेर आला. नखं वाढलेली होती. हाताने डबा आत घेतला, दोरा न कापता.

“ओढ,” ताई कुजबुजली. “अरे, हाताला लागलाय, ओढ.”

मास्तरांनी चावी सैल केली. रीळ टिकटिक वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. एकेक पाऊल. ते घर त्यांनीच सामान लावून दिलेलं. खिडकीपासून पलंग तीन पावलं, ओटा सात, दार अकरा. त्यापुढे घर संपतं.

पलंगापाशी रीळ थांबलं नाही. ओट्यापाशी थांबलं. ताईने काठीवर हात ठेवला. “सगळा घेईल तो दोरा. धर ना दादा.”

“घेऊ दे.”

आठ. नऊ. दहावं फार वेळाने आलं. अकराव्याला रीळ गप्प झालं, आणि इतका वेळ गप्प राहिलं की ताईने तोंडावर पदर धरला. मास्तरांनी चावी आणखी एक आटा सैल केली आणि हात खिशात घातला, कारण तो ऐकत नव्हता.

टिकटिक.

“बारा,” मास्तर म्हणाले.