गुलाब आलं त्या दुपारी

पाणी पत्र्याच्या शेडच्या उंबऱ्याला लागलं तरी कस्तुराबाई खाटेवरून हलेना. समोरच उंच जोत्यावर त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मिळालेलं स्लॅबचं घर उभं होतं. त्यात आजवर कांद्यांनी, सोयाबीनच्या पोत्यांनी आणि एका मांजरीच्या सात पिढ्यांनी संसार केला. कस्तुराबाईनं मात्र पाऊल टाकलं नव्हतं.

पाऊस असा की, खोटं वाटेल, विहिरीतले मासे रस्त्यावर येऊन गावाचा पत्ता विचारत होते.

नात पुनम लातूरच्या क्लासची. करोनात क्लास मोबाइलमध्ये शिरला म्हणून ती गावी. बाप भुजंग माल घेऊन धर्माबादला गेला तो तिकडेच अडकला. पुनम सकाळपासून म्हातारीला समजावत होती: हे आंध्राच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळाचं शेपूट आहे, नाव गुलाब, पाकिस्ताननं दिलेलं. तेरा देश भिशीसारखी पाळी लावून नावं देतात. अजून जन्मायच्या वादळांचीही ठरवून झालीत.

"जन्मायच्या आधीच नाव?" म्हातारीनं दोनदा विचारलं.

"आजी, चल ना. ओढा चढायलाय."

"त्या घरात? आधी पेले मांडून बघ."

भूकंपानंतर गावात रीतच पडली होती. झोपताना उशाशी पेल्यांची उतरंड रचायची. जमीन हलली की ती कोसळते, माणूस बाहेर पळतं. बाकीच्यांनी ती कधीच सोडली. कस्तुराबाईचा मात्र हवामान खात्यापेक्षा पेल्यांवर भरवसा. भूकंपाच्या पहाटे लहानग्या भुजंगला लघवीला लागली म्हणून ती त्याला घेऊन अंगणात आली होती. तान्ही लेक कोसळलेल्या मातीच्या माळवदाखाली राहिली. बारसं दोन दिवसांवर होतं.

पुनम पेले घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. आतून तिनं ओरडून सांगितलं, रचलेत, हलत नाहीत. तोच जवळच कुठंतरी वीज पडली आणि सगळे पेले खणाखण फरशीवर.

"पुनम, भाईर ये."

पोरगी येईना. पावसात तिला ऐकूच गेलं नाही.

मग म्हातारीनं खाटेवरून उडी टाकली. लुगडं वर खोचून, पाणी तुडवत, जोतं चढून ती थेट आत शिरली आणि पुनमची वेणी धरून दाराकडे ओढू लागली.

"आजी, वीज हाय ती. भूकंप न्हाई."

मागे पत्रे करकरले. शेड एका कुशीवर झालं आणि खाटेसकट ओढ्याकडे निघालं. बाहेर पडायला जागाच उरली नाही.

दोघी सोयाबीनच्या पोत्यांवर चढून बसल्या. पाणी जोत्याच्या कडेला येऊन घुटमळत होतं. कस्तुराबाईनं विचारलं, पुढच्या वादळाचं नाव काय ठरलंय.

"शाहीन."

"अन् त्या पहाटेचं?"

"भूकंपाला नाव ठेवत न्हाईत, आजी."

"हाव."

वेणी अजून तिच्या मुठीतच होती. ती पुनमच्या कानाशी वाकली, बारशाला आत्या वाकते तशी.

"शिवकांता," म्हणाली. "ठेवायचं व्हतं."

मग तिनं मूठ सोडली आणि हळूच भिंतीला पाठ टेकवली.